बजेट शिलकी, मग बिलं का थकतात?

प्रश्न : माझा भाऊ महापालिकेची छोटी कामं घेतो. कोविडमध्ये त्याने क्वारंटाइन सेंटरला मांडव, गाद्या, जेवण पुरवलं, त्यातली काही बिलं अजून निघालेली नाहीत. विचारलं की ‘फंड नाही’. पण बजेट तर दरवर्षी शिलकी असतं! असा इमर्जन्सीचा खड्डा शेवटी भरतात कुठून? आमचा टॅक्स वाढणार का? – एक वाचक (नाव न छापण्याच्या अटीवर)

उत्तर : खड्डा आहे, पण तो बजेटमध्ये शोधू नका. महापालिकेला कागदावर तूट दाखवता येत नाही, वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते. म्हणून तूट जाऊन बसते ती तुमच्या भावाच्या बिलात. ऑफिसच्या भाषेत याला ‘दायित्व’ म्हणतात, म्हणजे काम झालंय, पैसे द्यायचेत, दिलेले नाहीत.

सुरुवात होते महापालिका कायद्याच्या कलम 67(3)(सी) पासून. पूर, साथ असं काही आलं की आयुक्त टेंडरशिवाय तातडीने खर्च करू शकतात, फक्त नंतर लगेच स्थायी समितीला आणि महासभेला कळवायचं. (2022 नंतर निवडणुका न झाल्याने बऱ्याच ठिकाणी आयुक्तच प्रशासक होते, तिथे कळवणारा आणि ऐकणारा एकच माणूस!) त्या खर्चाला तरतूद नसतेच, मग ‘वर्गीकरण’ करतात, म्हणजे रस्त्याचे नाहीतर उद्यानाचे पैसे उचलून इकडे वळवायचे. आता खरी गंमत अशी की त्या रस्त्याचीही वर्कऑर्डर आधीच निघालेली असेल तर तो ठेकेदार पुढच्या वर्षी रांगेत उभा राहतो, आणि खड्डा बुजायच्या ऐवजी नुसता सरकत जातो.

बाहेरून पैसे येतात, पण अटी घालून. 14 मार्च 2020 ला केंद्राने कोविडला आपत्ती मानलं म्हणून राज्य आपत्ती निधीतून, ज्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के असतात, खर्च करायला परवानगी मिळाली. तो निधी मिळतो ठरलेल्या बाबींना आणि ठरलेल्या दराने, तुम्ही त्याहून जास्त दराने घेतलंत तर फरक तुमचा. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेलाच जातो. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर जीएसटीचं अनुदान येतं, पण त्यातला बराचसा वाटा पगार-पेन्शनलाच लागतो. कर्ज? 1914 च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्यात साथ रोखण्यासाठी कर्ज काढायची सोय अजून आहे, पण सरकारची परवानगी लागते आणि फेडायचं परत आपल्यालाच. बाँडचा, म्हणजे कर्जरोख्यांचा, इथे उपयोग नाही, पुण्याने 2017 मध्ये 200 कोटींचे बाँड काढले ते पाणी योजनेसाठी, जुनी बिलं भागवायला नव्हे.

टॅक्सचं म्हणाल तर दरवाढीला नगरसेवक सहसा हात लावत नाहीत. पुढच्या वर्षीचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, तेव्हा पेपर बघत जा. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे थकबाकी वसुली, महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावायची आणि मार्च जवळ आला की अभय योजना काढून तीच माफ करायची! रोख हातात येते हे खरं, पण वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो, मला तरी हे पटत नाही.

भावाला सांगा, वर्कऑर्डर, पुरवठ्याच्या पोचपावत्या आणि मोजमापाची नोंद जोडून लेखा विभागाला लेखी अर्ज द्यायचा, आवक नंबर घ्यायचा, आणि माहिती अधिकारात एवढंच विचारायचं की माझं बिल दायित्वाच्या यादीत आहे का आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटच्या कोणत्या खात्यात. यादीत नाव नसेल तर पुढच्या बजेटमध्येही त्याला तरतूद मिळणार नाही.