जुन्या रॅलेचा चिमटा बदलताना
तुमच्या जुन्या रॅले सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग, मुकुटाखाली (दोन्ही पाय वर जुळतात त्या सांध्याखाली) वाकून तेथील रंगाला आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, तर तो ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नका; असे पोलाद पुढे कधी तडकेल याचा भरवसा नसतो. नवा चिमटा घेताना केवळ उंची पाहून भागत नाही, कारण जुन्या रॅलेच्या दांड्यावर (चिमट्याच्या वरच्या, फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीवर) इंचाला 26 आटे असतात आणि इतर बहुतेक एक इंच जाड दांड्याच्या चिमट्यांवर 24, म्हणून दांड्यावर आट्यांनी बसणारी छर्ऱ्यांची जुनी वाटी नव्या चिमट्यावर एक-दोन फेरे सहज फिरते, मग अडते, आणि तेथेच हौशी माणूस पान्याला जोर लावून दोन्हींचे आटे घालवतो. (मीही घालवले आहेत.) छर्ऱ्यांखालची कडी मुकुटावर जेथे बसते ती बैठक व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा, छर्रे नवेच घाला. बसवल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि खडखड जाणवली, तर रस्त्यावर काढू नका.