ओरिजिनल म्हणजे जुनं की नवं?

सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भाच्याचा बँड आहे: गिटार, बेस, ड्रम्स, जोडीला संबळ आणि हलगी. नवरात्रातल्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर मुलांनी 'अस्सल लोकगीतांचा मौलिक आविष्कार' असं छापलं. ज्या गोंधळी मामांकडे मुलं संबळ शिकली, ते पोस्टर बघून म्हणाले, "ह्यात अस्सल काय बी नाही." मुलं म्हणतात, आमचं ओरिजिनल आहे. मामा म्हणतात, ओरिजिनल आमचं. ताई विचारतात: दोघं एकाच शब्दावरून भांडतायत, तर मराठीत नेमका शब्द कोणता? आणि पोस्टर चुकलं का?

पोस्टर चुकलंय. पण त्याआधी एक सांगतो, दोघं एका शब्दावरून भांडत नाहीयेत. शब्द दोन आहेत, ऐकायला सारखे.

गाडीच्या पार्टच्या दुकानात जा. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "ओरिजिनल देऊ का डुप्लिकेट?" ॲडमिशनला गेलात की खिडकीतून आवाज येतो, "ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स जोडा." हा ओरिजिनल म्हणजे जो आधी होता, ज्यावरून बाकीचे निघाले. मामांचा ओरिजिनल हा. बँडच्या पोरांचा ओरिजिनल वेगळ्या गावचा. त्यांच्यात गाणी दोन जातींची, 'कव्हर' आणि 'ओरिजिनल'. दुसऱ्याचं वाजवलं तर कव्हर, आपण केलं तर ओरिजिनल. म्हणजे एकाचं ओरिजिनल सगळ्यात जुनं आणि दुसऱ्याचं कालपरवा केलेलं! इंग्रजी शब्दाच्या पोटातच हे दोन्ही अर्थ आहेत. आधी 'उगमापासूनचं', आणि बऱ्याच नंतर 'पूर्वी नव्हतं असं'. आपण शब्द घेतला, तो दोन्ही अर्थांसकट आला.

मराठीनं ही कामं पूर्वीच वाटून दिली होती. जुन्यासाठी 'मूळ', आपलं आपण केलेल्यासाठी 'स्वतंत्र'. नाटकाच्या जाहिरातीत 'स्वतंत्र नाटक' असं वाचलं की कळतं, हे रूपांतर नाही. त्यामुळे मामांनी 'मूळ गाणं आमच्याकडचं' म्हणावं, पोरांनी 'हे आमचं स्वतंत्र गाणं' म्हणावं, निम्मं भांडण तिथंच मिटतं. उरलेलं निम्मं जास्त मजेचं आहे.

आधी 'मौलिक' उरकून घेऊ. हा 'मूल' वरून आला. मुळाशी असलेलं, मुळातून आलेलं. हिंदीत तो 'स्वतःचं, नवं' या अर्थानं सर्रास चालतो. मराठीत मात्र त्याची सांगड मोलाशी बसलीय. 'पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले' हे वाक्य वाचून मार्गदर्शन मुळातलं होतं असं कुणाच्या मनात येत नाही, मोलाचं होतं एवढंच कळतं. मीही एका निमंत्रणपत्रिकेत 'मौलिक विचार' लिहून बसलो होतो. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी पत्रिका हातात घेऊन विचारलं, "मुळाचे का मोलाचे?" पत्रिका छापून झाली होती. (गंमत अशी की 'मूल्य' हा शब्दही 'मूल' वरूनच निघालाय, त्यामुळे घर एकच, भाऊबंदकी तेवढी झालीय.) सांगायचं काय, तर पोस्टर वाचणाऱ्या दहांतल्या नवांना 'मौलिक आविष्कार' म्हणजे 'मोलाचा आविष्कार' वाटणार, आणि स्वतःच्या कार्यक्रमाला स्वतःच मोलाचा म्हणू नये. काढून टाका.

आता 'अस्सल'. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ, बुंधा. मराठीत येताना 'स' वर जोर चढला. त्याची जोडीदारीण 'नक्कल', तीही अरबीच, तीही येताना जोर घेऊन आली. जुन्या कागदपत्रांत दोघं हातात हात घालून येतात: 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मूळ कागदाप्रमाणे तंतोतंत उतरवलेली प्रत. हे मुद्दाम सांगतोय, कारण अस्सल हा मुळात कचेरीत वावरलेला शब्द आहे. कुठंतरी दप्तरात एक कागद आहे, बाकीचे त्यावरून उतरवलेत, हे चित्र त्याच्या मागं उभं असतं. दुसरा अर्थ कुळीचा. 'अस्सल बापाचा असशील तर' म्हणून जे भांडण सुरू होतं, तिथं दप्तर नसतं, वंशावळ असते.

तर मग गोंधळाचं दप्तर कुठाय?

गोंधळाच्या सुरुवातीचं आवाहन ऐका. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, पंढरीचा विठोबा, एकेकाला गोंधळाला बोलावलं जातं. ज्या घरी गोंधळ, त्या घराचं कुळदैवत त्यात यावंच लागतं, गावदेवी यावी लागते. आपल्या सोलापुरात घातला तर रूपाभवानी येणार, सिद्धेश्वर येणार. तोच गोंधळी दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडं गेला की यादी बदलली. आख्यान तेच, पण बैठकीतल्या म्हाताऱ्या रंगात आल्या तर लांबलं, पोरं पेंगायला लागली तर आवरलं. म्हणजे रोज थोडं बदलणं हीच त्याची रीत. कालच्या घरचं आवाहन जसंच्या तसं आजच्या घरी म्हटलं तर यजमानच म्हणेल, आमचा देव राहिला की! ज्या गाण्याची नक्कल करणं हाच दोष, त्या गाण्याला अस्सल प्रत कुठली असणार? म्हणून 'अस्सल लोकगीत' हा शब्दप्रयोग मला अडखळवतो. गाणारा अस्सल असेल, ठेका अस्सल असेल. गीताला तो शब्द चिकटत नाही.

मामांना मी हे सांगितलं असतं तर ते हसले असते, कारण त्यांची तक्रार गीताबद्दल नाहीच, असं मला वाटतं. पाटावर कापड अंथरून धान्याचा चौक मांडलेला नाही, कलश नाही, दिवटी पेटलेली नाही, समोर यजमान नाही; आहे ते तिकीट काढून आलेलं पब्लिक आणि धुराचं मशीन. गोंधळ हे कुळाचार म्हणून करायचं काम. ते गाणं म्हणून उचललं की मामांच्या हिशेबी त्यातला गोंधळ खाली राहिला. 'अस्सल नाही' म्हणताना त्यांना 'हा विधी नाही' म्हणायचंय. ते अगदी बरोबर आहे, आणि मुलांनी विधी केल्याचा दावाही केलेला नाही. मग मुलांनी 'गोंधळ' न म्हणता 'गोंधळगीत' म्हणावं, बाकी काही नको.

मुलांना एक विचारतो, त्यांना अस्सल शब्दाचा एवढा सोस का? उत्तर सोलापूरच्या नव्या पेठेतल्या बाजारात मिळतं. चादरीच्या दुकानावर 'अस्सल सोलापुरी', शेंगाचटणीच्या पाकिटावर 'अस्सल सोलापुरी', कडक भाकरीवरही तेच. बाहेर बनलेली चादर सोलापुरी म्हणून खपवतात, त्यामुळे आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. तिथं 'अस्सल' ला कायद्याचा आधार आहे, नक्कलही खरीखुरी आहे. पण ह्या अस्सल चादरीवरची नक्षी कशावर उमटते? जकार्डवर. जकार्ड हे फ्रान्समधल्या ल्यों गावच्या माणसाचं आडनाव, यंत्र १८०४ सालचं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते, भोक असेल तिथं धागा उचलला जातो, आणि खाली मोर उमटतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात, फ्रेंच युक्तीवर विणलेली ती चादर अस्सल सोलापुरी, याबद्दल शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कुणाचं दुमत नाही. मग संबळीशेजारी गिटार ठेवली म्हणून काय बिघडलं? भजनातली पेटी तरी कुठली? पॅरिसची.

आणि भेसळीचंच म्हणाल तर आपला शाहीर राम जोशी कुठला होता? सोलापूरचाच, पेशवाईच्या उतरत्या काळातला. संस्कृत शिकलेला माणूस तमाशाच्या फडासाठी लिहू लागला, आणि त्यानं लावणीत संस्कृत घातलं, मराठी-संस्कृत अशी मिश्र लावणीही रचली. आज त्याच लावणीला आपण कौतुकानं अस्सल म्हणतो.

परदेशातही हे वाद असेच झाले. लोकसंगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाला 'फोक-रॉक' हे नाव अमेरिकेत १९६५ च्या सुमाराला रूढ झालं, आणि त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उडवली गेली. पण त्याहून शब्दांच्या दृष्टीनं कामाची गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची आहे. 'द ॲनिमल्स' या इंग्लिश बँडनं 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुनं लोकगीत वाजवलं, ते तुफान चाललं. तबकडीवर छापलं गेलं: पारंपरिक, संयोजन प्राइस. ॲलन प्राइस हा त्यांचा ऑर्गन वाजवणारा. गाणं कुणाचंच नव्हतं, पण 'संयोजन' एकाच्या नावावर लागलं आणि त्याचं मानधनही त्याच्याकडेच गेलं. गाण्यात बाकीच्या चौघांचाही वाटा होता, हे पोस्टर लिहिणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावं.

हे 'संयोजन' म्हणजे आपलं 'बसवणं'. नाटक बसवतात, नाच बसवतात, लेझीम बसवतात, गाणंही बसवतात. कुठं संबळ थांबायची, कुठं बेस घुसायचा, दुसरं कडवं निम्म्या लयीत घ्यायचं का, हे सगळं बसवण्यात येतं. 'आविष्कार', 'सादरीकरण', 'फ्यूजन' ह्या सगळ्यांपेक्षा हा शब्द प्रामाणिक वाटतो मला. 'हे गाणं आम्ही बसवलंय' म्हणणारा शब्दांवर हक्क सांगत नाही, चालीवर सांगत नाही, पण स्वतःची मेहनतही लपवत नाही.

'चाल' हा तर रत्नासारखा शब्द आहे. किर्लोस्करांच्या 'सौभद्र' ची (१८८२) जुनी छापील प्रत उघडा. पदांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाची सुरुवात दिलेली दिसते. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. कानडी चालीही त्यांच्या पदांत आल्या. चाल कुठून घेतली ते पदाच्या वर उघडपणे छापलेलं, त्यात लाज नाही आणि चोरीही नाही. शिवाय 'चाल' चा दुसरा अर्थ बघा: 'आमच्याकडं अशी चाल नाही'. म्हणजे रीत. चालत आली ती चाल, मग ती गळ्यातून येवो की घराण्यातून. सूर आणि रूढी दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेला 'परंपरा की नवनिर्मिती' हा प्रश्न जरा परकाच वाटत असणार.

ताईंनी जाता जाता विचारलंय की फोक-रॉकला 'लोकरॉक' म्हणावं का. म्हणा, पण कापडाच्या गावात ते वाचताना आधी लोकर दिसते. 'फोक-रॉक' रुळलाय, राहू द्या. तसंही 'लोकगीत', 'लोकसाहित्य' हे शब्द इंग्रजी 'फोक' च्या सावलीत घडलेत. त्याआधी गाणारे आपल्या गाण्याला ओवी, गोंधळ, भारूड, लावणी, पोवाडा असं ज्याचं त्याचं नाव घेऊन हाक मारत होते. आणि ज्याचा कर्ता माहीत आहे त्याला लोकगीत म्हणू नका. मुलांच्या यादीत एकनाथांचं भारूड आहे म्हणे. त्यात 'एका जनार्दनी' अशी सही आहे, तिथं 'पारंपरिक' छापलं तर नाथांचं नाव खोडल्यासारखं होईल. सोलापुरात कानडी ऐकणारे पुष्कळ. त्यांना विचारा, रघू दीक्षित या गायकानं रॉकमध्ये गायलेली कानडी संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं कुणाची म्हणून. शरीफसाहेबांचीच म्हणतील, लोकगीत नाही म्हणणार. आणि जे गाणं मुलांनी स्वतः लिहून हलगीच्या ठेक्यावर बांधलंय ते लोकगीत नव्हे, 'लोकगीताच्या बाजाचं' गाणं. 'बाज' हा शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतो, कारण तो वळण सांगतो, वंश सांगत नाही.

तर पोस्टरवरून 'अस्सल' आणि 'मौलिक' दोन्ही काढा. 'गोंधळगीतं, भारुडं आणि आमची स्वतंत्र गाणी' एवढं पुरे. खाली प्रत्येक गाण्यापुढं तीन गोष्टी द्या: शब्द, चाल, आणि बसवलं कुणी. तिसऱ्या जागी एकट्या गिटारवाल्याचं नाव नको, सगळ्यांची घाला. एक दुरुस्ती ताईंनी विचारलेली नाही तरी सुचवतो. पोस्टरच्या फोटोत मामांचं नाव अगदी तळाशी, 'साथ: संबळ' असं दिसतंय. मुलांनी गोंधळगीताची चाल जर मामांच्याच तोंडून उचलली असेल, तर ते नाव तिथून वर सरकवा आणि 'चाल: पारंपरिक' च्या पुढं लिहा, 'मामांकडून मिळालेली'. नाव मात्र पूर्ण छापा, नुसतं मामा नको.