क्रिसमस ट्री लावायच्या आधी मे महिन्यात विहीर बघून ये

अगं,
तुझा मेसेज वाचला. कर्जतला मामाची जागा मोकळी आहे, तिथे क्रिसमस ट्री वाढवून डिसेंबरात बांद्र्याला विकायचे, आयडिया वाईट नाहीये. पण सगळ्या हिशोबात पाण्याला एकच ओळ दिलीयेस, ते खटकलं.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये या झाडांची मोठी शेती आहे, नोबल फर, डग्लस फर वगैरे, आणि बहुतेक जण वेगळं पाणी देतच नाहीत, पावसाच्या ओलीवर भागवतात. 2021 ला दुष्काळ होताच, त्यात जूनमध्ये पोर्टलंडचा पारा 46 च्या वर गेला. मोठ्या झाडांचे कोवळे शेंडे करपले पण मुळं खोल, त्यामुळे बरीचशी तगली, खरी मर झाली ती नवीन लावलेल्या रोपांची. आता बघ, सहा-सात फुटाचं झाड व्हायला 8-10 वर्षं लागतात, म्हणजे तेव्हा मेलेल्या रोपाचा फटका 2030 च्या आसपास बसणार. पुढच्या वर्षी दुप्पट लावलं तरी तो मधला वयोगट रिकामाच राहतो ना.

आपल्याकडच्या गरमीत फर टिकणार नाही, मुंबईच्या नर्सरीत क्रिसमस ट्री म्हणून देतात तो अरोकेरिया. त्याची खोड अशी की पाणी तुटलं की खालच्या फांद्या तपकिरी पडून वाळतात आणि गेलेली फांदी परत फुटत नाही. पाऊस आला की वर शेंडा मस्त वाढतो, खाली बोडका. असं झाड गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही, मग जगलं काय नि मेलं काय. (आणि पैसे वाचवायला बाजूच्या फांदीची कटिंग लावू नकोस, ती आडवीच वाढत बसते.)

कर्जतला पाऊस धो धो पडतो हे मला सांगू नकोस, चार महिने झाले की संपलं. टँकरवर असली हळू वाढणारी झाडं परवडत नाहीत. जूनचा पहिला पाऊस मुरला की लाव म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरतील, बुंध्यापासून थोडं लांब पेंढ्याचं आच्छादन कर, पहिले दोन उन्हाळे वर शेडनेट. पण घाबरून रोज पाणी ओतू नकोस, मुळं कुजतात, बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच दे. आणि सगळी रोपं एकाच वर्षी नको, थोडी थोडी लाव.

मेच्या शेवटी जा, विहिरीत दोरी सोडून पाणी मोज, पंप किती वेळ चालतो ते बघ आणि मग मला फोन कर. रविवारी नको, दुकानात गर्दी असते.