एस्पोला येताय? मग आधी तुमचं स्वतःचं बघू

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना फिनलंडमध्ये एस्पोला सॉफ्टवेअरची नोकरी मिळतेय, तुम्ही नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघता, मुलगी पाच वर्षांची आहे आणि सासूबाई म्हणतात, ‘एवढ्या थंडीत कशाला?’ मीही नाशिकचीच, इंदिरानगरची. नऊ वर्षांपूर्वी अशीच नवऱ्यामागोमाग आले, मीही अकाउंट्समधलीच. म्हणून थंडीचं थोडक्यात उरकते. मिस्टरांचं इथे बरं चालेल. खरा प्रश्न तुमचा आहे.

निफाडचा पारा पाच-सहावर आला की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. इथे उणे 15 ला मुलं अंगणात खेळतात. घरात मात्र कायम 21-22 अंश. डिसेंबरात नाशिकच्या फरशीवर पाय जास्त गारठतात, खोटं नाही सांगत. छळतो तो अंधार. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सहा तासांचा, सव्वातीनला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारचा चहा व्हायच्या आत देवापुढे दिवा लावत होते. मग ठरवलं, घड्याळात सात वाजले की दिवेलागण. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या इथे सगळेच घेतात.

एस्पो हेलसिंकीला चिकटून आहे, वस्ती तीन लाखांवर, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. पण नाशिकच्या मेन रोड, शालिमारसारखा गजबजलेला मध्यभाग शोधू नका. पाच वेगवेगळी केंद्रं आणि मधे झाडी, तलाव. मेट्रो 2017 मध्ये मातिनक्यूलापर्यंत आली आणि 2022 मध्ये किवेनलाहतीपर्यंत गेली. ऑफिस ओतानिएमी किंवा केइलानिएमीला असेल तर मेट्रोलगत घर बघा. कारापोर्टीला, म्हणजे नोकियाच्या मुख्यालयाकडे असेल तर लेप्पावारा बरं, तिथून लोकल आहे. जाहिरातीत ‘तीन खोल्या’ म्हटलं की हॉल धरून तीन, म्हणजे आपला टू बीएचके. आम्ही हे न कळता घर बघायला गेलो आणि तिसरी बेडरूम शोधत बसलो.

एकाच कंपनीवर गाव चालतं असं आता नाही. नोकियाचा फोनचा धंदा 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, पुढे खूप माणसं घरी बसली, त्यांतल्या काहींनी छोट्या कंपन्या काढल्या. आल्टो विद्यापीठाच्या आसपास क्वांटम संगणक बनवणारी आयक्यूएम आहे, रडार उपग्रहवाली आयसाय आहे. तरी 2025 मध्ये देशातली बेकारी 10 टक्क्यांच्या घरात गेली, आणि त्याच वर्षी जूनपासून नियमही कडक झाला: नोकरी गेली तर नोकरीच्या परवान्यावर इथे राहणाऱ्या माणसाला नवी शोधायला तीन महिने, तज्ज्ञ वर्गातल्याला सहा. मिस्टरांचा परवाना नेमका कुठल्या वर्गातला, हे आजच विचारून घ्या.

कागदपत्रांत दोनच गोष्टी महत्त्वाच्या. टॅक्स कार्ड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा करखात्याचा कागद, कंपनीला वेळेत दिलं नाही तर पगारातून 60 टक्के कापतात. आमच्या पहिल्या पगाराला तेच झालं. पैसे नंतर परत आले, पण तो महिना पोह्यांवर काढला. दुसरं, बँकेचं लॉगिन. डॉक्टरपासून घरापर्यंत सगळीकडे ओळख त्यानेच पटवायची, आणि आमचं खातं उघडायला पाच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांची तजवीज ठेवा.

आता तुमचं. कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर कुठलीही नोकरी करता येते. कायद्याची आडकाठी नाही, आडवी येते ती भाषा. प्रोग्रॅमरला इंग्रजीवर भागवता येतं; आपल्या कामात व्हाउचर, करविवरणं, कामगार करार, सगळं फिनिश भाषेत. पहिल्या वर्षी मी चाळीसेक अर्ज केले, एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. दोन वर्षं भाषा शिकले, तेव्हा कुठे बिलं नोंदवायचं काम मिळालं. नाशिकला मी तीन माणसांची साहेब होते. हे गिळायला जड गेलं, आणि त्या काळात घरात भांडणं झाली तीही अशीच, चहाच्या कपावरून.

पण भाषेला घाबरू नका. पंधरा विभक्त्या ऐकून इंग्रजीवाले हबकतात. आपल्याला प्रत्यय काय नवे? तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. उच्चार लिहिल्याबरहुकूम, आणि लिंगभेद नाहीच. तो आणि ती, दोघांना ‘हॅन’. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळा: तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा, तुल्ली म्हणजे कस्टम. 2025 पासून रोजगारसेवा नगरपालिकेकडे आल्या आहेत, भाषावर्गांची चौकशी तिथेच करा. एस्पोत या सेवा इंग्रजीतही मिळतात.

मुलीची काळजी सगळ्यांत कमी. शाळा सातव्या वर्षी. त्याआधीचं एक वर्ष पूर्वप्राथमिक, मोफत. दुपारचं जेवण शाळेतच, 1948 पासून सगळ्यांना फुकट, शाकाहारीही. आजी म्हणतील वर्ष वाया गेलं, म्हणू द्या. तिला फिनिश माध्यमात घाला. सहा महिन्यांत ती तुमचे उच्चार सुधारेल, आणि तेही चारचौघांत.

आणि राजीनामा लगेच देऊ नका. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का, एवढं साहेबांना विचारून बघा. मी ‘देणार नाहीतच’ असं धरून चालले होते. पुढे जुन्या मैत्रिणीकडून कळलं, माझ्यानंतरच्या बाईला त्यांनी दिली.