वाटाड्याचं टपाल: चोर्ल्यावरून समुद्र का दिसला नाही?

(गोव्याच्या मोजणी खात्यात एकतीस वर्षं डोंगर मोजून आता वाळपईत राहणारे आमचे 'वाटाडेकाका' वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न: काका, मार्चमध्ये आमचे पुण्याचे व्याही आले होते. चोर्ल्यावरून समुद्र दिसतो असं तुम्हीच मागे लिहिलं होतं, म्हणून मोठ्या हौसेने त्यांना दुपारी चारला घाटात नेलं. समोर नुसता पांढरा पडदा! व्याही म्हणाले, "एवढं तर आमच्या ताम्हिणीतही दिसतं." आमचं काय चुकलं? (फोंड्याहून एक वाचक)

उत्तर: महिना चुकला आणि घड्याळ चुकलं. जागा बरोबर होती.

आधी हिशेब मांडू, म्हणजे व्याह्यांना तोंड दाखवता येईल. माथ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि साडेतीनने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज असतं. चोर्ल्याचा माथा साधारण 800 मीटरचा, वर्गमूळ 28 आणि काही, म्हणजे क्षितिज जवळपास 100 किलोमीटरवर. समुद्र सरळ रेषेत 45 किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा तो दिसायलाच हवा. आड येते ती हवा.

मार्चमध्ये काजूच्या बागांतला पालापाचोळा जाळतात, डोंगरउतारांवर वणवे असतात. 2023 च्या मार्चमध्ये तर म्हादईच्या जंगलात अशा आगी लागल्या की हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना वरून पाणी ओतावं लागलं. हा सगळा धूर दरीत साचतो. दुपारी समुद्राकडून येणारं दमट वारं त्यात भर घालतं. आणि चारला तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे, सूर्य तुमच्या डोळ्यांत. धूर, वाफ आणि समोरून ऊन, म्हणजे पडदाच.

घाटमाथ्यावरून कोकणपट्टी पाहायची तर ऊन पाठीशी हवं, म्हणजे सकाळी. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, साडेआठ ते साडेदहा. त्याआधी दरीत धुकं असतं, त्यानंतर कातळ तापतो. सड्यावर, म्हणजे माथ्याच्या उघड्या कातळपठारावर, आम्ही थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून बसायचो, तेव्हा अकरा वाजले की समोरच्या टेकडीवरची खूण दुर्बिणीत नाचायला लागायची. आमचे साहेब वैतागून म्हणायचे, "आता ती खूण जेवायला गेली, आपणही जेवू." मग आम्ही कॅरिअर उघडायचो.

नोव्हेंबरात व्याह्यांना पुन्हा बोलवा. खाली अंजुणे धरणाचा निळा तुकडा, पलीकडे डिचोलीच्या खाणींचे तांबडे ओरखडे, आणि अगदी कडेला घासलेल्या पत्र्यासारखी एक चकाकती रेघ दिसेल. तोच समुद्र. ताम्हिणीतून तो दिसत असेल तर मला जरूर कळवायला सांगा.

प्रश्न: कुळ्याहून रुळांवरून चालत दूधसागर गाठता येतो का? मित्र म्हणतात, सगळेच जातात. (मडगाव)

उत्तर: नाही. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली गुन्हा आहे. 2023 च्या जुलैत तिथे पकडलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते अख्ख्या देशाने मोबाइलवर पाहिलं. मित्र त्यातलेच असतील. 310 मीटरचा धबधबा रेल्वेच्या खिडकीतूनही पुरेसा मोठा दिसतो.

प्रश्न: सुर्ल्याचा सडा पाहायचा म्हणून मोबाइलवर 'सुर्ला' टाकलं आणि देवळासमोर जाऊन पोचलो. देऊळ सुंदर होतं, पण सडा कुठे आहे? (वास्को)

उत्तर: तुम्ही एकटे नाही. गोव्यात तीन सुर्ले आहेत आणि तिन्हींचं पाणी वेगळं. एक डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. दुसरं धारबांदोड्यातलं तांबडी सुर्ला, जिथे कदंबांच्या काळचं महादेवाचं दगडी देऊळ आहे. तुम्ही तिथे पोचलात. तिसरं सत्तरीतलं, चोर्ला घाटाच्या माथ्यावरचं. तुम्हाला हवं ते हेच. साखळी, केरी आणि मग घाट चढून वर. गावात शिरताना दारूच्या दुकानांची रांग लागली की रस्ता बरोबर आहे असं समजा. ती गर्दी बेळगावकडची, सड्यासाठी आलेली नसते.

आमच्या खात्यातही या नावाने घोळ व्हायचा. एकदा डिचोलीच्या सुर्ल्याचे नकाशे घेऊन मी सत्तरीच्या सुर्ल्यात पोचलो होतो. दोन तास बांध शोधला. तेव्हापासून गावाच्या नावापुढे तालुका लिहिल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. मोबाइललाही तालुका सांगा.

प्रश्न: आईला सत्तरावं लागलंय, गुडघे दुखतात. पण "एकदा तरी डोंगराच्या माथ्यावर बसून चहा पिणार" असा तिचा हट्ट आहे. कुठे नेऊ? (कुडचडे)

उत्तर: चंद्रनाथ. तुमच्या दाराशी आहे आणि तुम्ही वाळपईतल्या म्हाताऱ्याला विचारताय!

पारोड्याचा हा डोंगर जेमतेम साडेतीनशे मीटरचा, पण आजूबाजूला सपाटी असल्यामुळे आहे त्याहून उंच वाटतो. गाडी बऱ्याच उंचीपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत. आईंना त्या दमादमाने चढू द्या, तुम्ही मागे राहा. "हळू गं, हळू गं" करत पुढे धावू नका, त्याने माणूस जास्त दमतो. वर चंद्रेश्वर-भूतनाथाचं देऊळ. खालचं चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची राजधानी. त्या नगराचं नाव या देवावरून आलं असं सांगतात.

चोर्ल्याचं घड्याळ इथे उलटं लावायचं. इथून सह्याद्री पूर्वेला, म्हणून दुपारी चारनंतर जा. ऊन तेव्हा पश्चिमेकडून येऊन डोंगरांच्या तोंडावर पडतं आणि एकामागे एक घड्या मोजता येतात. तासाभराने आईंची खुर्ची फिरवून पश्चिमेकडे करा, सूर्यास्त बसल्या जागी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा अंधारात पायऱ्या उतरायला लागू नयेत म्हणून विजेरी न्या. भर पावसात मात्र नको. पारोड्याचा रस्ता कुशावतीच्या पाण्याखाली जातो. आणि चहा थर्मासमधून घरचाच न्या, देवळाच्या आवारात स्टोव्ह पेटवू नका.

प्रश्न: आम्ही सहा मैत्रिणी, कॉलेजात आहोत. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोसोगड चढायचंय. घरचे परवानगी देत नाहीत, तुम्ही लिहिलंत तर देतील. (पणजी)

उत्तर: घरच्यांच्या परवानगीचं नंतर पाहू, आधी वनखात्याची काढा. सोसोगड म्हादई अभयारण्यात येतो. 208 चौरस किलोमीटरचं हे जंगल 1999 साली अभयारण्य झालं आणि अशा जंगलात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. 2023 च्या जुलैत नेत्रावळीकडे मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाले, त्यानंतर खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच बंदी केली होती. नियम हंगामागणिक बदलतात. कचेरीत जाऊन विचारा, मोबाइलवरच्या व्हिडिओला विचारू नका.

सोबत गावातला माणूस हवाच. हा डोंगर हजार मीटरांहून उंच आहे आणि वाट म्हणजे गुरांच्या पाच-सहा वाटा, त्यातली एकच वर जाते. मी तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा पुढे चालणारा गावातलाच होता, आणि दोन्ही वेळा त्याने वळणावर थांबून एका दगडाशी विडा ठेवला. तुम्ही तिथे हसू नका. राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, मान आहे तो.

आता तुमच्या आयांसाठी खरी काळजीची गोष्ट. त्या बिबट्याला घाबरत असतील. मी गोचिडीला घाबरतो. सत्तरीत 2015 पासून माकडतापाची माणसं सापडली आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि गोचीड डिसेंबर ते मे जोरात असते, नेमकी तुमच्या सुट्ट्यांत. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल. पाल्यावर बसायचं नाही, दगडावर बसायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात सांगायचं. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि अंघोळ करताना काखा, गुडघ्यांच्या मागची जागा नीट तपासायची. नंतरच्या पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरला "जंगलात गेले होते" हे पहिलं वाक्य सांगा.

एवढं सगळं करायची तयारी असेल तर हे उत्तर कापून घरी दाखवा. नसेल तर चंद्रनाथावर जा, तिथे कुडचड्याची आई भेटेल.

प्रश्न: ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावरची फुलं पाहायला मुलांना न्यायचंय. मुलं आठ आणि अकरा वर्षांची. धुक्याची भीती वाटते. (म्हापसे)

उत्तर: भीती योग्य आहे, पण न्याच. सुर्ल्याच्या सड्यावर तेव्हा सीतेची आसवं, गेंद, तेरडा असं जमिनीलगत पसरलेलं असतं. सीतेची आसवं छोटे किडे पकडून खातात, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगितलं की तो तासभर उठत नाही. भिंग न्या.

धुक्याचं माझ्या अंगावरून गेलंय. सप्टेंबरातच, याच सड्यावर आम्ही कातळावर चुन्याच्या खुणा करत निघालो होतो. ढग आत आला आणि दहा पावलांवरचा माझा सोबती दिसेनासा झाला. आमच्याकडे मोजणीची साखळी होती. तिचं एक टोक धरून मी शेवटच्या चुन्याच्या खुणेवर उभा राहिलो, दुसरं टोक घेऊन तो गोल फिरला, मागची खूण सापडेपर्यंत. सापडली की मी तिथे जायचो, मग पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत साखळी एकदम ताणली गेली आणि तो ओरडला, "बाब, हांगा वारो सकयल्यान येता!" वारा खालून येतोय म्हणजे पुढे कडा. त्याने खडा टाकला. पडल्याचा आवाज आलाच नाही. दीड तासात आम्ही जेमतेम तीनशे मीटर परत आलो.

तुम्हाला साखळी नको. कड्यापासून लांब, रस्ता दिसतो तिथवरच फिरा, तिथेही फुलं तीच असतात. ढग आला की आहात तिथे बसा. बहुधा अर्ध्या तासात तो निघून जातो. शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात. आणि चालताना उघड्या काळ्या कातळावर पाय द्या, शेवाळ चुकवून. फुलं उगवतात ती माती बोटभरसुद्धा खोल नसते, बुटाच्या एका टाचेसरशी निघून येते.