जुन्या ट्रकचा पत्रा : जोडावा की बदलावा?

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९६४ साली घेतलेला, लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक आमच्या गोदामात बरीच वर्षे उभा आहे. इंजिन चालू झाले आहे; परंतु दोन्ही मडगार्डांच्या कडा, दरवाज्यांचे खालचे भाग आणि केबिनच्या तळाचा पत्रा गंजून गेला आहे. ट्रान्सपोर्ट नगरमधील मिस्त्रींचे म्हणणे असे की, सगळाच पत्रा काढून नवा घडवावा. मला मात्र मूळचे शक्य तितके राखायचे आहे. काय करावे?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपल्या ट्रकचे ‘मूळचे’ नेमके कोणते, हे आधी पाहावे लागेल. टेल्कोने (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. त्या काळातील पुष्कळ गाड्या बॉनेट, मडगार्ड आणि काउल (बॉनेटच्या मागचा, समोरच्या काचेखालचा पत्रा) एवढ्यांसह कारखान्याबाहेर पडत, आणि मागची केबिन व हौदा गावोगावचे बॉडी बिल्डर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून तयार करीत. दरवाज्याच्या आतले अस्तर काढल्यावर लाकूड दिसले, तर आपली केबिनही त्याच घडणीची आहे असे समजावे. अशा केबिनचा सपाट पत्रा बदलण्यात मला काहीच गैर वाटत नाही, कारण मुळातच तो हाताने कापून बसवलेला होता. तेवढ्यापुरते मिस्त्रींचे म्हणणे मान्य करावे. मात्र ओल धरून ठेवणारे कुजके लाकूड तसेच ठेवून वर नवा पत्रा मारला, तर तो आतून पुन्हा गंजेल.

मडगार्ड आणि बॉनेट यांची गोष्ट वेगळी आहे. ते कारखान्यातील साच्यात दाबून घडवलेले आहेत, आणि त्यांच्यावरचा दुहेरी गोलावा सपाट पत्र्यातून हातोडीने हुबेहूब उतरवणारा कारागीर आता क्वचितच भेटतो. म्हणून कड कुजली असली, तरी वरचा गोलावा शाबूत असेल तर मडगार्ड टाकून देऊ नये. प्रथम लोहचुंबक फिरवून पाहावा. तो जिथे धरत नाही तिथे आपण ज्याला पत्रा समजतो ती जुनी पुट्टीच असते. मग बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचत, पत्रा कडक लागेपर्यंत जावे आणि त्यापुढे आणखी दोन-तीन सेंटिमीटरवर कापावे. गंजाच्या काठावरच जोड दिला, तर पातळ झालेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने जळून भोक पडते.

नवा तुकडा जुन्या पत्र्याच्याच जाडीचा घ्यावा. कॅलिपरने मोजून पाहिल्याशिवाय मिस्त्रींच्या अंदाजावर जाऊ नये. तुकडा जुन्यावर चढवून वेल्ड करणे सोपे असते, म्हणून बहुतेक ठिकाणी तसेच करतात. पण दोन थरांच्या फटीत पावसाचे पाणी राहते आणि तिथूनच गंज पुन्हा सुरू होतो. कडेला कड भिडवून, कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने दूरदूर टाके घालावेत, प्रत्येक टाका निवू द्यावा आणि मगच मधली जागा भरावी. एका दमात ओढलेली रेघ पत्रा वाकवते आणि तो वाक नंतर पुट्टीत लपवावा लागतो. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरहून जाड लागत असेल, तर ठोकाई अपुरी राहिली आहे असे मिस्त्रींना स्पष्ट सांगावे.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून तोच लावा, असा सल्लाही आपल्याला मिळेल. वेल्ड करताना त्यावरचे जस्त जळते, त्या धुराने कारागिराला ताप येतो आणि जोडाच्या जागी संरक्षणही उरत नाही. तेव्हा साधा पत्राच बरा.

तळ कापण्यापूर्वी दरवाज्यांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या टाकून घ्याव्यात, नाहीतर केबिन किंचित मुरडते आणि दरवाजे नंतर बसत नाहीत. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवून मगच वेल्डिंग सुरू करावे.

दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे नव्या पत्र्यातही पाडावीत. काम जूनपूर्वी संपणार नसेल, तर ट्रक नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसात उभा ठेवू नये. ते प्राइमर ओल शोषते, म्हणून त्यावर रंगाचा एक हात तरी चढलेला असावा.