सुट्टं लेटेक्स, सुजलेला गाल आणि 'बिल आहे का?'

तुमचं 'बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, दुकानदार म्हणाला सगळे हेच नेतात' हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. म्हणजे एकांकिकेत भाजलेला चेहरा आहे, तालमींना लेटेक्स (म्हणजे रबराच्या झाडाचा पातळ चीक) आणि टिश्यूचे थर चढवले, आता मुलाच्या गालावर लाल चट्टे आहेत, प्रयोग आठवड्यावर आलाय आणि तुम्ही विचारताय की खाली कुठलं क्रीम लावलं तर परत लेटेक्स लावता येईल. कुठलंच नाही. त्या गालावर आता रंगाचं बोटसुद्धा लावू नका, प्रयोगातही नाही. बाकीचं सगळं यानंतर.

मी डॉक्टर नाही. कोकणातल्या हौशी मंडळात बरीच वर्षं रंगभूषा करते, तेवढाच अधिकार. मुलाला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि सोबत ती बाटली न्या. डोळा किंवा ओठ सुजला, श्वासाला त्रास झाला तर उद्यापर्यंत थांबू नका, सरळ दवाखाना. थर कसे द्यायचे, ड्रायर किती लांबून धरायचा, हे तुम्हाला येतंच. त्यात शिरत नाही.

आमचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेला होतं. नायकाच्या भावाचा अर्धा चेहरा जळालेला. मोठ्या शहरातल्या एका प्रतिष्ठित दुकानातून साहित्य मागवलं. नाव लिहीत नाही, विचारूही नका. मागवलं होतं कंपनीचं सीलबंद, पैसे घेतले सीलबंदचे आणि कुरिअरने आली पांढरी प्लॅस्टिकची बाटली, वर मार्करने 'लेटेक्स'. फोन केला तर म्हणे, 'तेच आहे मॅडम, मोठ्या कॅनमधून भरून देतो.' कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं, काही झालं नाही. पहिल्या तालमीला काही नाही, प्राथमिक फेरीलाही काही नाही. अंतिम फेरीच्या तयारीत मात्र पोराचा गाल भडकला, कानापर्यंत पाणी भरलेले बारीक फोड.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाखाली दोघातिघांनी 'टेस्ट केली असती तर कळलं असतं' असं लिहिलंय. काही ॲलर्जी पहिल्या वापरात दिसतच नाहीत. शरीर आधी त्या पदार्थाची नोंद घेतं आणि पुढच्या कुठल्यातरी वेळी चवताळून उठतं. त्यामुळे लावून बघायचंच, 48 तास थांबायचंच, पण ही टेस्ट पास झाली म्हणजे सीझनभराचा परवाना मिळाला असं नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, यात काय काय आहे? कारण लेटेक्सने होणारा त्रास तीन वेगवेगळ्या गोष्टींमुळे होऊ शकतो. रबराच्या चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मिनिटांत गांधी उठतात, आणि ती सगळ्यात धोक्याची. चिकात मिसळलेल्या रसायनांची असेल तर एक-दोन दिवसांनी पुरळ येतं. आणि चीक गोठू नये म्हणून घातलेला अमोनिया नुसताच चरचरतो, त्यात ॲलर्जी नसतेच. कारखान्यात जो घट्ट केलेला चीक वापरतात त्यात 60 टक्के रबर असतं. 'हाय अमोनिया' प्रकारात अमोनिया 0.7 टक्क्यांच्या आसपास, 'लो अमोनिया'त 0.2. झाकण उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं तर कुठला कॅन फोडलाय याचा अंदाज करा.

तर दुकानाला फोन. 'बिल आहे का?' आहे. बिलावर लिहिलेलं, 'मेकअप साहित्य, 1 नग'. 'यात लेटेक्स कुठे लिहिलंय मॅडम?' मग त्यांच्या ऑफिसचा नंबर मिळाला. ऑफिस म्हणालं, लेखी पाठवा. लेखी पाठवलं. उत्तर आलं की आम्ही फक्त विक्रेते, घटकांची माहिती पुरवठादाराकडे. पुरवठादार कोण? 'ती माहिती देता येत नाही.' इकडे पोराचा गाल फुगलेला आणि तिकडे मी जेवणाच्या सुट्टीनंतर फोन करा, साहेब बाहेर आहेत, हे ऐकतेय. मला काही त्यांच्या धंद्याचं गुपित नको होतं, डॉक्टरांच्या कागदावर लिहायला एक ओळ हवी होती! शेवटी डॉक्टरांनी अंदाजानेच औषध दिलं. सूज उतरली, काळे डाग मात्र कित्येक महिने राहिले. अंतिम फेरीत दुसरा मुलगा उभा केला. पहिल्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण पोराला तालमीला परत पाठवलंही नाही. चांगला नट होता हो.

म्हणून माझं मत, कोणाला टोकाचं वाटलं तरी चालेल: ज्या बाटलीवर घटक, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही ती चेहऱ्याच्या जवळ आणायची नाही. फुकट मिळाली तरी नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात अंगाला लावून रूप बदलण्यासाठीचा पदार्थही सौंदर्यप्रसाधनातच धरलाय, आणि 2020 च्या नियमांनी लेबलवर काय हवं तेही ठरवून दिलंय. 'हे नाटकवाल्यांचं सामान आहे, त्याला काही लागत नाही' असं काउंटरवर ऐकवतात, ते ऐकून घेऊ नका. बिलावर मालाचं पूर्ण नाव लिहून घ्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, तेव्हा बिल धड असलेलं बरं.

नटांना आधीच विचारायचे दोन प्रश्न: फुगा फुगवताना ओठ खाजतात का? केळं किंवा किवी खाल्ल्यावर घशात खवखवतं का? रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना या फळांचाही त्रास होतो. 'हो' आलं तर लेटेक्सचा विचार सोडा, घरी लावून बघण्याचीही हौस करू नका.

आता तुमच्या प्रयोगाचं. दिग्दर्शकाला सांगा, भाजलेली बाजू बदला. डॉक्टर हो म्हणाले तर मान, कानामागचा भाग आणि हात एवढ्यावर काम करा, चेहऱ्यावर गॉजची पट्टी येऊ दे. पट्टी रंगवायला कातडी लागत नाही. ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली, बदलावं लागेल म्हणून तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

खरं सांगायचं तर रंगमंचावर एवढे थर लागतातच कशाला? दहाव्या रांगेतून उंचवटा दिसत नाही, रंग आणि चकाकी दिसते. सगळे जण कॅमेऱ्यासाठी केलेले व्हिडिओ बघून नाटकाचा मेकअप करतात आणि मग मागच्या रांगेला तो चेहऱ्यावर चिखल उडाल्यासारखा दिसतो. भाजलेली कातडी सरसकट लाल नसते. मध्ये गडद मरून, कडेला फिकट पिवळट, कुठेकुठे काळपट, आणि वरून थेंबभर ग्लिसरीन. खरबरीत स्पंजाने ठिपके द्या, ब्रश ओढू नका. आणि प्रकाशयोजनाकाराला आधी भेटा. लाल झोतात लाल रंग धुऊन निघाल्यासारखा नाहीसा होतो, हिरव्यात काळा दिसतो. आमच्याकडे एकदा सगळं रक्त निळ्या प्रकाशात शाई होऊन बसलं होतं.

उंचवटा हवाच असेल तर जिलेटिन. जिलेटिन पावडर, ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवायचं, मनगटावर कोमट लागलं की मगच मानेवर. घाईत गरम लावलं तर खोटं भाजणं खरं होतं. एकांकिकेच्या वेळेला ते पुरतं. दोन अंकी नाटकात, त्यात आपल्याकडच्या घामात, कडा सुटायला लागतात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, शाकाहारी नटाला आधी सांगा. आमच्याकडे एकाने ऐनवेळी कळल्यावर पुसून टाकलं आणि त्याचं काही चुकलं नाही. त्याऐवजी चायना ग्रास घेऊ नका, ते वितळायलाच 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि थापल्यावर तुटतं. पुढे कधी प्लॅटिनम सिलिकॉनकडे (खोटी कातडी करायचं दोन भाग मिसळून घट्ट होणारं साहित्य) वळलात तर लेटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यांच्या संपर्काने सिलिकॉन घट्टच होत नाही. व्हिनाइलचे घाला.

तुमच्या प्रश्नाखाली एका ताईंनी हळद-चुन्याचा लाल रंग सुचवलाय, 'नैसर्गिक आहे, पूर्वीचे लोक तेच वापरायचे' म्हणून. ताई, राग मानू नका, चुना कातडी जाळतो. आणि पूर्वीच्या लोकांचं म्हणाल तर जुन्या रंगपेटीतलं मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. दोन्ही मातीतूनच आलेली. दशावतारातले कलाकार आपला चेहरा आपणच रंगवतात, त्यांचा हात बघून मी शिकले, पण त्या जुन्या पुड्या शिकण्यासारख्या नव्हेत. पोस्टर कलर, ॲक्रिलिक आणि शाळेच्या प्रोजेक्टची चमकीही चेहऱ्यासाठी नाही. डब्यावरचं 'नॉन-टॉक्सिक' कागदावर वापरण्यापुरतं असतं.

रक्त घरी करणार असाल तर लिक्विड ग्लुकोजमध्ये खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि टोकावर मावेल एवढा निळा. पांढऱ्या कपड्यावरचा डाग निघत नाही, तेव्हा सदरा भाड्याचा असेल तर आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर टाकून, धुऊन बघा. तोंडातून यायचं असेल तर त्यात साबण घालायचा नाही, हे कपडेपटवाल्यांना पण सांगून ठेवा. ते डाग पडू नये म्हणून गुपचूप घालतात.